जुनी पिकअप घेताना (भाग ४) : इंजिन थंड असतानाच बघा

मागच्या आठवड्यात कागदपत्रं तपासली. आता बॉनेट उघडू या.

गाडी बघायला सकाळी लवकर जा. मालकाला आदल्या दिवशीच सांगा, आम्ही येईपर्यंत सेल्फ मारू नका. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, पण सौद्याचं बोलू नका. झिजलेल्या रिंगा, थकलेले नोझल, उतरलेलं कॉम्प्रेशन हे सगळं गरम इंजिन झाकून घेतं. थंडीत पहिला सेल्फ मारला की उघडं पडतं.

मीटरच्या आकड्याला मी फारसं महत्त्व देत नाही. तो मागे फिरवता येतो, आणि खरा असला तरी अर्धीच गोष्ट सांगतो. गाडी कोणत्या रस्त्याला, किती माल घेऊन पळाली ते विचारा. नाशिकचा कांदा वाशीला नेणारी पिकअप कसारा घाट भरलेली उतरते आणि बहुधा हलकी होऊन चढते. मालवणची मासळी कोल्हापूरला नेणारी मात्र भरलेली घाट चढते. पासिंग दीड टनाचं, हौद्यात बर्फासकट त्याच्या दुप्पट, आणि तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकत असताना ड्रायव्हरचं लक्ष बाजाराच्या वेळेकडे. दोन्ही गाड्यांचं रीडिंग सारखं असेल, तर मी कांद्याची घेईन. (खाऱ्या पाण्याने चासीचं काय होतं, ते पुढच्या भागात.)

इंजिन एकदा जबरदस्त तापलं की हेड वाकतं, हेड पॅकिंग जातं आणि पाणी-ऑइल एकमेकांत मिसळू लागतं. म्हणून थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढा. गरम असताना चुकूनही नको. आत कूलंटऐवजी गंजलेलं पाणी असेल तर निगा कशी राखली ते तिथेच कळलं. झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला, तर हेड उतरवावं लागणार हे धरून चाला.

आता ऑइलचं झाकण सैल करून तोंडावर नुसतं उलटं ठेवा. थोडी वाफ येणारच, पण झाकण नाचायला लागलं तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते आहे. निळा धूर जोडीला असेल तर लाइनर-पिस्टनचा खर्च किमतीतून वजा करा.

बोलेरो पिकअपच्या २५२३ सीसी इंजिनासारख्या कॉमन रेल गाडीत आणखी एक चाचणी कराच. मिस्त्री चारही इंजेक्टरच्या रिटर्नला बारीक नळ्या लावून चार बाटल्यांत सोडतो आणि इंजिन काही मिनिटं आयडलला ठेवतो. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखं चढायला हवं. एखादी भराभर भरली तर तो इंजेक्टर गळतो आहे. मालक या चाचणीला कुरकुर करतात. करू द्या.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांची तऱ्हा वेगळी. सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो. त्यात साठलेली काजळी जाळायला गाडी लांब पल्ल्याला, चांगल्या वेगात पळावी लागते. रोज चार-पाच किलोमीटर दूध गोळा करत फिरणाऱ्या गाडीत ते नीट होत नाही आणि काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरत जातं. ऑइलची पट्टी काढा. पातळी वरच्या खुणेच्याही वर आणि वास डिझेलचा! मालक मात्र खुशीत सांगेल, ‘बघा, थेंबभर ऑइल खात नाही.’ डीपीएफ कापून काढलेली गाडी तर घेऊच नका. व्यापारी गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग करावं लागतं. तिथे ती भानगड तुमच्या गळ्यात येईल.

माझं विचाराल तर, तालुक्यातच चालवायची आणि तिथल्याच मिस्त्रीकडे दुरुस्त करायची असेल, तर निगा राखलेली बीएस-४ बरी. हायवेवर रोज लांबचा माल असेल तर बीएस-६ ला घाबरायचं कारण नाही. पण कुठलीही असो, दोनदा सांगूनही मालक इंजिन गरम करूनच दाखवत असेल, तर विसार देऊ नका.