तोल सांभाळणारा लहान मेंदू

भातशेतीच्या अरुंद बांधावरून डोक्यावर भारा घेऊन चालणारी माणसे दादऱ्यात आपण नित्य पाहतो. त्यांचा तोल सांभाळतो तो डोक्याच्या मागील भागातील लहान मेंदू. मेंदूच्या वजनाचा हा सुमारे १० वा हिस्सा. परंतु निम्म्याहून अधिक चेतापेशी त्यातच वसतात.

रोगप्रतिकारशक्ती ही शरीराची पहारेकरी. पण क्वचित हा पहारेकरी घरच्यांनाच चोर समजतो! गव्हातील ग्लूटेन या प्रथिनावर चवताळलेली ही शक्ती काही जणांच्या लहान मेंदूवरही घाला घालते. मग चाल लटपटते, हात कापतो, जीभ अडखळते. आणि लोक त्या बिचाऱ्यास मद्यपी ठरवितात. इंग्लंडमधील शेफील्ड येथील डॉ. हाजिवासिलिऊ व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात या विकाराचे स्वरूप दाखवून दिले.

नष्ट झालेल्या चेतापेशी पुन्हा उत्पन्न होत नाहीत. म्हणून निदान लवकर होणे अगत्याचे. निदान झाल्यावर गहू व जव जन्मभर वर्ज्य करावे लागतात. आपला भात व नागलीची भाकरी यांत ग्लूटेन नसते, हे सुदैवच. मात्र तपासणीपूर्वी स्वतःहून गहू सोडू नये. त्याने निदान चुकण्याचा संभव असतो.

आम्हांस एवढेच सांगावेसे वाटते : लटपटणाऱ्यास हसू नये, त्यास डॉक्टरांकडे न्यावे.