मरणाऱ्या गावाची भेट
(द्वितीय वर्ष, कला)

इटली म्हटली की रोम, व्हेनिस किंवा पिसाचा कलता मनोरा आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण त्या देशात डोंगरमाथ्यावर वसलेली जुनी लहान गावेही पुष्कळ आहेत. पूर्वी शत्रूपासून बचाव व्हावा म्हणून माणसे उंचावर राहत. अशांपैकी चिव्हिता दी बान्योरेजो या गावाची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू. इटालियन लोक त्याला ‘मरणारे गाव’ म्हणतात. हे नाव रूढ केले ते त्याच परिसरात जन्मलेल्या बोनाव्हेन्तुरा तेक्की या लेखकाने.

रोमच्या उत्तरेस सुमारे १२० किलोमीटरवर हे गाव आहे. रेल्वेने ऑर्व्हिएतोला उतरावे, बसने बान्योरेजो गाठावे आणि पुढे पायी निघावे. मग समोर खोल दरी दिसते. तिच्या मधोमध एक उभा सुळका आणि त्याच्या माथ्यावर दाटीवाटीने बसलेली दगडी घरे! तेथे जायला १९६५ साली बांधलेला सुमारे ३०० मीटर लांबीचा पादचारी पूल आहे. पुलाचा शेवटचा चढ छातीवर येतो. तो चढला की दगडात कोरलेली वेस लागते. आत अरुंद गल्ल्या, जिन्यांवर फुलांच्या कुंड्या, खडकात खोदलेली तळघरे आणि मधल्या चौकात संत दोनातो यांचे चर्च. याच चौकात जून आणि सप्टेंबर महिन्यांत गाढवांच्या शर्यती होतात.

मग हे गाव मरते आहे ते कशाने? याचे उत्तर त्याच्या पायाखाली आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारस थिजून झालेला आहे. चिव्हिताचा माथा मात्र ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या टफ नावाच्या मऊ दगडाचा आहे आणि त्याच्या खाली प्राचीन समुद्रतळाची चिकणमाती आहे. दोन्ही बाजूंचे ओढे आणि पाऊस ती माती सतत धुऊन नेतात. आधार सुटला की वरच्या दगडाला भेगा पडतात आणि कड्याचा तुकडा दरीत कोसळतो. त्याच्याबरोबर कधी अंगण जाते, कधी घर. तेराव्या शतकातील थोर धर्मचिंतक संत बोनाव्हेन्तुरा यांचे जन्मघरही असेच दरीत गेले.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एट्रुस्कन लोकांनी वसवलेले हे गाव एके काळी भरभराटीचे होते. १६९५ च्या भूकंपाने त्याला मोठा तडाखा दिला. बिशप आणि गावचा कारभार शेजारच्या वस्तीत हलला. पाठोपाठ कुटुंबेही हळूहळू निघून गेली. आज तेथे कायमचे राहणारे लोक जेमतेम दहा-पंधरा आहेत.

गाव वाचवण्याचे प्रयत्न मात्र नेटाने चालू आहेत. कड्यात पोलादी सळया घालून दगड बांधून ठेवला आहे. २०१२ साली गावातच भूस्खलनाचे संग्रहालय उघडले. ज्या संकटाने गाव खाल्ले, त्याचाच अभ्यास तेथे मांडला आहे. २०१३ पासून पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. आरंभी ते दीड युरो होते, पुढे पाच युरो झाले. वर्षाकाठी लाखो लोक पूल ओलांडतात आणि त्या पैशाने आसपासच्या रहिवाशांवरचा कराचा भार उतरला. ज्याला मरणारे म्हणून हिणवले, तेच गाव शेजाऱ्यांचे पोट भरू लागले!

तरीही एक प्रश्न मनात राहतोच. संध्याकाळी शेवटचा पाहुणा पूल उतरला की त्या गल्ल्यांत किती दिवे लागत असतील? पोलादाच्या सळईने कडा थांबतो. निघालेला माणूस कशाने थांबेल? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शिकून गावाबाहेर जाणाऱ्यांच्या रांगेत मीही आहे. आमच्या गावचा खडक पक्का आहे, पण तेथेही दर वर्षी एखाद्या दाराला नवे कुलूप लागते. चिव्हिताकडे नुसते मौजेचे स्थळ म्हणून पाहू नये, असे मला वाटते ते यामुळेच. गावाला भक्कम जमीन तर लागतेच, पण तेथे राहून पोट भरेल असे कामही लागते. चिव्हिताला पाहुण्यांच्या रूपाने ते थोडेफार सापडले. ज्या गावांना पाहायला कोणी येणार नाही, त्यांनी ते कोठे शोधायचे, याचा विचार आपण शिकलेल्यांनीच करायला हवा.