बैठकीला न येणारा सभासद



कृष्णाकाठी कऱ्हाड, वाळवा, पलूस भागात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन नदीचे पाणी उचलायच्या सहकारी संस्था काढल्या, त्याला कैक वर्षे झाली. यातल्या बहुतेकींची चाल एकसारखीच. ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली गटाच्या चार अवस्था सांगितल्या : जुळवाजुळव, मग भांडणे, मग घडी बसणे आणि शेवटी काम. वाचून आम्हांला हसूच आले. नारळ फोडताना सगळेच गोड बोलतात. पाइप कुणाच्या बांधातून न्यायची म्हटले की जुंपते. पाळ्या ठरल्या की घडी बसते, मग कुठे उसाला पाणी!

पण घडी बसल्यावरही एखादा गडी सुटतो. आमच्या संस्थेत असा एकजण होता. बैठकीला येईना, पाणीपट्टी थकवलेली, पाइप फुटली तरी माणूस पाठवीना. "त्याचा व्हॉल्व्हच बंद करा," इथपर्यंत बोलणे आले. एक जुने सभासद म्हणाले, "आधी त्याच्या वस्तीवर तरी जाऊन या."

आम्ही दोघेच गेलो. भावकीतले कुणी मुद्दाम घेतले नाही. चहा झाल्यावर तो बोलला, "पाळी माझी कागदावर. वरच्यांनी व्हॉल्व्ह सोडलं की माझ्या सरीत करंगळीएवढं पाणी, ते बी रातीचं. सांगितलं तर तुम्ही 'बघू' म्हनता. दोन सालं बघताय."

आम्हांला उत्तर नव्हते. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच शेतकी इंजिनिअरने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. दोराला माणसे वाढली तसा एकेकाचा जोर कमी भरला. आमच्यात ही ढिलाई त्या गड्याची नव्हती, समितीची होती. तक्रार दुसरा कुणीतरी बघेल असे आम्ही प्रत्येकजण धरून चाललो होतो.

आणि पाण्यात वाटाच नसेल तर माणूस बैठकीला येणार कशाला? खानापूर तालुक्यात येरळेवर बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी १९८०च्या दशकात बळीराजा धरण उभे केले, तेव्हा भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा धरला होता. त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही असेही ठरवले होते. हे आमच्या वाचकांना रुचणार नाही, पण वाट्याची गोष्ट पटण्यासारखी आहे.

आम्ही पाळी शेवटाकडून सुरू केली. कालव्यावरच्या शेजपाळीत हीच रीत. व्हॉल्व्हची किल्ली फक्त पाणीवाल्याकडे ठेवली आणि पाळीची वही एका हंगामापुरती त्याच गड्याच्या हाती दिली. थकबाकी माफ केली नाही. ती ऊसबिलातून हप्त्याने घ्यायची ठरली, त्यालाही ते मान्य झाले.

पुढच्या बैठकीला तो आला. फारसा बोलला नाही, पण वही चोख होती. वरच्या बाजूचे दोन सभासद मात्र आता नाराज आहेत, आपली पहिली पाळी गेली म्हणतात. येत्या सोमवारी त्यांच्या वस्तीवर जायचे ठरले आहे.