टपालकराचीं तिकिटें



घरांतील जुन्या पत्रांच्या पेटींत एखादें असें पाकीट सांपडतें कीं, त्यावर वीस पैशांच्या तिकिटांशेजारीं पांच पैशांचें आणखी एक लालसर तिकीट चिकटविलेलें असतें. पाकीट जड नाहीं, रजिस्टर केलेलें नाहीं. मग हे जादा पांच पैसे कशाचे? शिक्क्यावरील तारीख १५ नोव्हेंबर १९७१ ते ३१ मार्च १९७३ या मुदतींतील असेल, तर तो निर्वासितांच्या साहाय्यासाठीं बसविलेला कर होय. पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या लोकांसाठीं भारत सरकारनें तो टपालावर बसविला. पोस्टकार्डें व वृत्तपत्रें यांस तो माफ होता.

असल्या तिकिटांस टपालकराचीं तिकिटें म्हणतात. देणगीच्या तिकिटांशीं त्यांची गल्लत नेहमीं होते. न्यूझीलंडमध्यें १९२९ पासून मुलांच्या आरोग्यासाठीं विशेष तिकिटें निघालीं. त्यांत टपालाच्या दरावर थोडी देणगी असे, पण तीं घ्यावीं कीं न घ्यावीं हें घेणाऱ्याच्या खुषीवर होतें. क्षयनिवारणाच्या रंगीत चिठ्ठ्यांना तर टपालाच्या दृष्टीनें कांहींच किंमत नाहीं. टपालकराच्या तिकिटांत सक्ती आहे. तें टपालाच्या दरांत धरलें जात नाहीं, आणि त्यावांचून पत्र सुरळीत पोंचतहि नाहीं.

युद्ध हें या कराचें जुनें कारण. स्पेननें १८७४ मध्यें, कॅनडानें १९१५ मध्यें युद्धकराचीं तिकिटें काढलीं. आपल्याजवळचें उदाहरण गोव्याचें. पोर्तुगालनें १९२५ मध्यें मार्किस पोंबाल यांच्या स्मरणार्थ कराचीं तिकिटें काढलीं, तशींच तीं पोर्तुगीज हिंदुस्थानासाठींहि निघालीं. कराचें तिकीट न लावलेलें पत्र आलें, कीं घेणाऱ्याकडून दंड वसूल होई. त्या दंडाचें तिकीट निराळें. त्यावर ‘मुल्ता’ हा शब्द असे. चूक धाडणाऱ्याची आणि भुर्दंड घेणाऱ्याला, हा टपालखात्याचा न्याय तेथेंहि होताच!

आतां पुन्हां आपल्या पांच पैशांकडे वळूं. कर घाईनें लागू झाला, नवें तिकीट तयार नव्हतें. म्हणून चालू असलेल्या कुटुंबनियोजनाच्या पांच पैशांच्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ व इंग्रजींत ‘रेफ्यूजी रिलीफ’ हीं अक्षरें छापण्यांत आलीं. निर्वासितांचें चित्र असलेलें स्वतंत्र तिकीट निघालें १ डिसेंबर १९७१ रोजीं. पण छापील तिकिटें सगळीकडे वेळेवर पोंचलीं नाहींत. तेव्हां बंगळूर, जयपूर अशा कांहीं ठिकाणीं तीं अक्षरें तेथेंच छापून घेतलीं, आणि इतर कित्येक कचेऱ्यांनीं सरळ रबरी शिक्का उठविला. वळणें नाना, शाया नाना. संग्राहकाचा खरा आनंद येथें आहे, आणि खरा धोकाहि. कारण रबरी शिक्का कोणालाहि करवून घेतां येतो. कोऱ्या तिकिटावरचीं तीं अक्षरें खरीं कीं मागाहून उठविलेलीं, हें नुसत्या तिकिटावरून जाणत्यासहि छातीठोकपणें सांगतां येत नाहीं.

साक्ष देतें तें पाकीट. टपालाचा शिक्का अर्धा तिकिटावर व अर्धा पाकिटावर उमटलेला असावा, गांव व तारीख वाचतां यावी, आणि तिकिटांची बेरीज त्या वेळच्या दराशीं जुळावी. साध्या पाकिटाला वीस आणि कराचे पांच. तेवढें जुळलें कीं बरीचशी शंका फिटते.

हें मला उशिरां कळलें. कलकत्त्याहून मामांचीं पत्रें येत, त्यांवरचीं तिकिटें मीं लहानपणीं वाडग्यांत भिजवून मोठ्या हौसेनें सोडविलीं आणि पाकिटें बंबांत घातलीं. तिकिटें आजहि माझ्या वहींत आहेत. शिक्क्याचा एक कोपरा तेवढा दिसतो. गांवहि लागत नाहीं, तारीखहि नाहीं.

तेव्हां पेटी उघडाल त्या दिवशीं पाण्याचें वाडगें जवळ घेऊं नका. पाकिटावर पेन्सिलीनें कांहीं लिहूं नका. टांचण निराळ्या कागदावर करा. आंत पत्र असेल तर तेंहि त्याच पाकिटांत राहूं द्या.