मांड घोड्यावर, नजर पुढच्या अक्षरावर

कोल्हापूरकराला घोडा नवा नाही. दसरा चौकातल्या शाही दसऱ्यात सजलेले घोडे पाहतच इथली पोरं मोठी होतात. पण पोराची मांड पक्की असणं वेगळं आणि ते ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमक्या करून घेण्याच्या खेळाच्या, पुढच्या पातळीला तयार असणं वेगळं. ही तयारी तपासतात कशी?

मैदानाची रुंदी 20 मीटर. लांबी सुरुवातीच्या पातळ्यांना 40, वरच्या पातळ्यांना 60. कडेला इंग्रजी अक्षरांच्या पाट्या. स्वार 'ए'कडून आत येतो, मधल्या रेषेवर थांबून पंचांना सलाम करतो. समोर 'सी'पाशी पंच आणि शेजारी लेखनिक. पंच गुण आणि शेरा नुसता बोलतात, उतरवून घेतो लेखनिक. कारण पंचांची नजर घोड्यावरून हलून चालत नाही.

प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण, अर्धा गुणही मिळतो. 10 म्हणजे उत्कृष्ट, 5 म्हणजे जेमतेम, 0 म्हणजे केलंच नाही.

दुडक्या चालीतलं 20 मीटरचं वर्तुळ घ्या. 40 मीटरच्या मैदानात 'ए'पासून काढलेलं वर्तुळ दोन्ही लांब कडांना कोपऱ्यापासून 10 मीटरवर टेकायला हवं आणि मैदानाच्या मध्यबिंदूवरून, 'एक्स'वरून जायला हवं. घोडा सवयीनं कोपऱ्यात शिरतो आणि वर्तुळाचं अंडं होतं. बहुतेक वेळा पोराची नजर पुढच्या बिंदूऐवजी घोड्याच्या कानांवर असते. हा दोष स्वाराचा. कधी आकार नेमका येतो, पण दुडकीचा दोन ठोक्यांचा ताल मध्येच तुटतो, मान आखडते. मग घोडा अजून कच्चा आहे की पोराचा हात लगामावर जड आहे, हे प्रशिक्षकानं शोधायचं.

घोड्याची तालीम पायरीपायरीनं चालते: ताल, सैलपणा, लगामाशी हलका संपर्क, मागच्या पायांचा जोर, सरळपणा आणि शेवटी तोल मागे घेऊन आवरलेली चाल. पहिलाच ताल बिघडलेला असेल, तर वरच्या पातळीच्या कसरती शिकवणं म्हणजे पायाविना माडी चढवणं.

शेवटी बेरीज होऊन टक्केवारी निघते. 200 पैकी 128 गुण म्हणजे 64 टक्के. याच हिशेबानं 2023 मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताला सांघिक सुवर्ण मिळालं. मुंबईचा हृदय छेडा 69.941, अनुष अगरवाला 71.088 आणि दिव्यकृती सिंग 68.176. चौघांपैकी सर्वोत्तम तिघांची बेरीज धरतात, ती 209.205 झाली. चौथी स्वार होती सुदीप्ती हजेला.

मुरलेल्या घोड्यावर नवखं पोरही चांगले गुण काढू शकतं, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर पातळी बदलू नये. पालकांनी टक्केवारी पाहून घरी जाऊ नये. गुणपत्रिका मागून घ्यावी आणि शेऱ्यांचा रकाना वाचावा. उद्याची तालीम पोराला हवी की घोड्याला, हे तिथंच कळतं.