फेल्टखाली राहिलेला पाऊस

कल्याणजवळच्या मोहन्यातलं पत्र्याचं गॅरेज यंदा बंद झालं. गाडीचा तळ उघडून बघणारे आमच्याकडचे शेवटचे मिस्त्री गावी निघून गेले.

फियाटच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पद्मिनी गंजायच्या, लोक ठिगळं लावायचे. तळाच्या कामाचं खरं दशक सुरू झालं 26 जुलै 2005 नंतर. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे उल्हास नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. पाणी ओसरल्यावर गाड्या धुतल्या, चालूही झाल्या. दिवाळीपर्यंत कुणाची तक्रार नव्हती.

नंतर एकेकीचा तळ बोलू लागला. मिस्त्री आधी पुढच्या सीट काढायचे, मग गालिचा. वरून तो कोरडा असे. खालचं जाड फेल्ट पिळलं की तपकिरी पाणी निथळायचं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ते पत्रा ठोकत जायचे. खणखणीत वाजला तर शाबूत. बद्द वाजला की टोक टेकवायचे, ते आरपार जायचं. मारुती 800 ला वेगळी चासी नाही, तळाचा पत्रा हाच सांगाड्याचा भाग. सीटसुद्धा त्याच्याच आधारावर. पूर न बघितलेल्या गाड्याही यायच्या: पुढच्या काचेचं रबर कडक झालेलं, दाराखालची भोकं चिखलाने बुजलेली. कुजलेला भाग कापायचा, नवा पत्रा वेल्ड करायचा, रेड ऑक्साइड मारायचा, सांधे सीलंटने भरायचे आणि चांगली उन्हं दिल्यावरच गालिचा घालायचा, हा त्यांचा शिरस्ता.

त्याच दिवसांत दुसऱ्या एका गॅरेजने माझ्या गाडीचा ओला तळ न सुकवता खालून काळं अंडरकोटिंग फासलं. वर ओलं फेल्ट, खाली डांबरी थर; पत्र्याला वाळायला वाट कुठे? खालून तुकतुकीत, आतून चाळण. तो राग अजून गेलेला नाही.

2009 मध्ये मोहन्यातला एनआरसीचा रेयॉन कारखाना बंद पडला. पगार थांबले तशा कामगारांच्या गाड्याही जागच्या जागी उभ्या राहिल्या. काचा बंद करून पावसाळा काढलेल्या गाडीतली ओल हटत नाही. चालत्या गाड्यांआधी त्यांचे तळ गेले.

पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 रुपये झाली. गाडीचं वय सगळे मोजतात, गालिचा कोण उचलतो? उलट नव्या गाडीत कडेपर्यंत घट्ट बसणारी सेव्हन-डी मॅट घालून देतात; तिच्याखाली गेलेलं पाणी वर दिसतच नाही. सीट काढून फेल्ट बघा म्हटलं, तर वर्कशॉपवाले सरळ सांगतात, एवढ्यासाठी आमचा माणूस दिवसभर अडकवणार नाही.