कन्सोल ड्रायव्हरमधील मोडेम नियंत्रण रेषांची हाताळणी

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल होय. संगणक सुरू होताना किंवा कोलमडताना कर्नलचे संदेश जेथे उमटतात त्यास कन्सोल म्हणतात. सर्व्हर, राउटर यांसारख्या पडदा नसलेल्या यंत्रांत हे काम बहुधा सिरियल पोर्टकडे असते. या पोर्टला माहिती वाहणाऱ्या तारांखेरीज काही नियंत्रण रेषाही असतात. ड्रायव्हर लिहिणाऱ्याची खरी कसोटी या रेषांपाशी लागते.

सिरियल जोडणीचे आरएस-२३२ मानक १९६० मधले. टर्मिनल व मोडेम जोडण्यासाठी ते तयार झाले. डीटीआर रेषेवरून संगणक आपण सज्ज असल्याचे कळवतो. पलीकडचा वाहक संकेत मिळत असल्याचे मोडेम डीसीडी रेषेवरून सांगतो. सीटीएस रेषा ‘आता पाठवा’ अशी अनुमती देते. युनिक्स परंपरेत या संकेतांना नेमका अर्थ आहे. डीसीडी येईपर्यंत पोर्ट उघडण्याची क्रिया थांबून राहते. डीसीडी गेल्यास त्या सत्राच्या प्रमुख प्रक्रियेस ‘हँगअप’ संदेश जातो. पोर्ट अखेरचा बंद होताना डीटीआर खाली येते व मोडेम दूरध्वनी तोडतो. हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. ‘लॉगआउट’ न करता एखाद्याचा दूरध्वनी तुटला आणि ड्रायव्हरने त्याची दखल घेतली नाही, तर पुढे दूरध्वनी करणाऱ्याच्या हाती आधीच्या व्यक्तीचे उघडे सत्र पडते.

कन्सोलची गरज मात्र नेमकी उलट आहे. कन्सोलची केबल पुष्कळदा तीनच तारांची असते: पाठविणारी, घेणारी आणि भूतार. तेथे डीसीडी कधीच येणार नाही. ड्रायव्हर तिची वाट पाहत बसला, तर यंत्र मुके होईल. म्हणून लिनक्समध्ये सिरियल कन्सोल सिद्ध करताना ‘सीलोकल’ ही खूण लावून डीसीडीकडे दुर्लक्ष केले जाते. डीटीआर मात्र चालू ठेवली जाते, कारण ती न दिसल्यास पलीकडची काही उपकरणे प्रतिसादच देत नाहीत.

सीटीएसचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कर्नल कोलमडत असताना इंटरप्टवर विसंबता येत नाही. प्रत्येक अक्षरापूर्वी रेषा वारंवार तपासावी लागते. लिनक्सच्या ८२५० ड्रायव्हरमध्ये कन्सोलसाठी प्रवाह नियंत्रण चालू असल्यास सीटीएसची वाट एका अक्षरामागे सुमारे १ सेकंद पाहिली जाते, मग अक्षर तसेच पाठविले जाते. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरे जातात. सीटीएस बंद असेल तर ८० अक्षरांच्या एका ओळीस ८० सेकंद लागतील. मर्यादा हवी हे खरे, पण ती अक्षरागणिक ठेवणे ही तडजोडच आहे. एकदा मुदत संपली की रेषा परत येईपर्यंत ती मृत समजावी, हा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो.

तथापि कन्सोलला खरोखरच मोडेम जोडलेला असू शकतो. तेव्हा त्याच पोर्टवर कर्नलचे संदेश व प्रशासकाचे लॉगिन एकत्र नांदतात. कर्नलच्या लेखनाने रेषांसाठी अडून राहू नये, लॉगिनने मात्र त्या पाळाव्यात, अशी विभागणी ड्रायव्हरमध्येच करावी लागते. फ्रीबीएसडीत एकाच पोर्टला दोन नावे आहेत: ‘टीटीवाययू’ डीसीडीची वाट पाहते, ‘सीयूएयू’ पाहत नाही. लिनक्समध्येही पूर्वी ‘सीयूए’ होते. ते काढून टाकल्यावर हा निर्णय ‘सीलोकल’ खुणेवर आला. लॉगिन देणाऱ्या ‘एगेटी’ प्रोग्रामला स्थानिक रेषेचा पर्याय देण्यापूर्वी केबलच्या दुसऱ्या टोकाला काय जोडले आहे, हे म्हणूनच आधी पाहावे लागते.